टाळूचा वास

पन्नाशीला टेकलेल्या बाईला पान्हा फुटतो, यावर अख्ख्या बाळकुम गावात कुणाचा विश्वास बसला नाही. सगुणानं सांगितलं तेव्हा शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. एकीनं तर विचारलं, "सगुणाबाय, बारसं कवा?" सगुणानं तिला असं काही सुनावलं की ती महिनाभर विहिरीवर समोर आली नाही. पण विश्वास बसला नाही तो नाहीच.

आणि ते दूध तरी कसलं. पिवळट, चिकट, पिकलेल्या गळवातून यावं तसं. चोळी वाळली की कातड्यासारखी कडक व्हायची, आंबूस घाण सुटायची, माश्या बसायच्या. एकदा दोरीवरून पडलेली चोळी मांजर चाटत बसलेलं दिसलं. सगुणानं त्याला वहाण फेकून मारली आणि मोरीत जाऊन ओकली. अठरा वर्षांमागं आटलेली छाती ही. स्वतःच्याच अंगाची तिला शिसारी आली होती.

दर वेळी आधी वास यायचा. संध्याकाळी ताटं वाढताना, तेव्हाच. नाकात वास, छातीत कळ, की लगेच ओल. हे काय होतंय असं म्हणायलाही सवड नाही. वास तान्ह्या पोरीच्या टाळूचा. खोबरेल, वेखंड, ओव्याची धुरी, ओकलेलं दूध, आणि या सगळ्याखाली खाडीकाठच्या खाजणातला काळा चिखल. तो चिखल दुसऱ्या कुठल्या पोराच्या टाळूला नव्हता. तो तुळसाचा. मिठागरावर मीठ ओढता ओढता सगुणाला कळा आल्या आणि तुळसा बांधावरच जन्मली. थोरला नाथा घरात खाटेवर झालेला, त्याच्या टाळूचा वास निराळा. आईचं नाक यात चुकत नाही.

तुळसाला कल्याणला दिलं होतं. दिवाळीनंतर ती नाहीशी झाली. सासू आवडाबाई म्हणाली, "माहेरी जाते म्हणून बोचकं घेऊन निघाली." नाथा म्हणाला, "इकडं आलीच नाय." गावानं तिसराच अर्थ लावला, की गेली कुणाचा तरी हात धरून. सगुणानं लेकीच्या पाठीवर सांडशीचे डाग पाहिले होते. ती ठाण्याला चौकीवर तीनदा गेली आणि तीनदा आवडाबाईचं नाव सांगून आली. हवालदारानं तीनदा ऐकलं, एकदाही लिहिलं नाही.

मग ती ठाण्यालाच नौपाड्यात त्र्यंबक डॉक्टरांकडं गेली.

"डाक्तर, हसायचं असंल तर आधी हसून घ्या."

डॉक्टर हसले नाहीत. तिच्या दुधानं भिजलेला कापसाचा बोळा हुंगला आणि हात लांब धरला. "या वयातही येतं कधीकधी. शरीर बिघडलं की. पण तो वास मात्र तुमच्या मनाचा खेळ आहे."

"मनाला टाळू असती का?"

तेव्हा म्हातारा थोडा हसला. "असं बघा सगुणाबाई. डोळ्यानं पाहिलेलं, कानानं ऐकलेलं मेंदूच्या देवडीवर थांबतं. तिथं चौकशी होते, मग आत सोडतात. वासाला देवडी नाही. तो थेट माजघरात शिरतो. भीती, माया, जुन्या आठवणी, सगळं तिथंच ठेवलेलं. म्हणून रेडकू हुंगलं की म्हैस विचार करत बसत नाही, पान्हा सोडते. कुत्रीचं तेच, तुमचंही तेच. अंगावर पाजणाऱ्या सगळ्या जातींच्या डोक्यातली ही फार जुनी खोली."

"म्हणजे वास खरा."

"मुलीचं घरात काही राहिलं असेल. लुगडं, गोधडी. ते काढून टाका म्हणजे थांबेल."

त्याच दिवशी सगुणानं परसात सगळं जाळलं. दोन लुगडी, गोधडी, फणी, फणीतले केससुद्धा. संध्याकाळी ताट वाढायला बसली आणि चोळी भिजली.

समोर बसलेल्या नाथानं ताट सरकवलं. "आये, धुऊन ये ना. मला घास जात नाय."

त्याचे हात कोपरापर्यंत सोललेले होते. मिठागराच्या पाण्यानं होतं तसं, असं तिला वाटायचं. वैशाखात त्याचं लग्न ठरलं होतं. पोरीकडचे लोक मोठे मानी. नवऱ्याला टाकून आलेली नणंद घरात असती तर त्यांनी मुलगी दिली नसती, हे नाथा दहादा बोलून दाखवायचा. सगुणाला आता तोच एक उरला होता.

फाल्गुनात आवडाबाईचा निरोप आला. तुळसाबरोबर आंदण दिलेली म्हैस घेऊन जा, दूध देत नाही, नुसती खाते. सगुणा सकाळच्या गाडीनं कल्याणला गेली. दावं धरून पायी आणायला नाथा मागून येणार होता.

गोठ्यात पाय ठेवला आणि तिनं पदर नाकाशी धरला. म्हशीचं, चांदीचं, रेडकू माघात मेलं होतं. रीतीप्रमाणं त्याचं कातडं काढून, मीठ चोळून, आत पेंढा भरून ते चांदीपुढं उभं केलं होतं, ती हुंगेल आणि पान्हा सोडेल म्हणून. चार दिवस तिनं सोडलाही. मग कातडं नासलं. केस गळून पडले, शिवणीतून पिवळं पाणी झिरपत होतं, डोळ्यांच्या भोकांत वळवळ होती. चांदी त्याच्याकडं पाठ करून उभी होती.

सगुणाच्या डोक्यात एकच आलं. या घरात तुळसाचं काही असेल तर ते इथं. तिनं कोयता घेतला आणि रेडकाचं पोट उभं फाडलं. भसकन् घाण आली. ओला काळा पेंढा, त्यात अळ्यांचे पुंजके. तिनं कोपरापर्यंत हात घातला. केस नाही, कापड नाही. पेंढा, नुसता पेंढा.

आवडाबाई दारात उभी राहून बघत होती. "झालं समाधान?"

"माझी पोर कुठं हाय?"

"मारलं मी तिला, विहीणबाई. नाही कशाला म्हणू. हात माझा वाईटच. पण ती या दारातून आपल्या पायानं गेली... माझ्यावर तरी कोण विश्वास ठेवतंय."

सगुणानं चोळीला हात लावला. कोरडी ठणठणीत. सकाळपासून या घरात कोरडी. तुळसा इथं दोन वर्षं नांदली, निजली, रडली, आणि इथं वास नाही.

दुपारी नाथा आला. अंगणातूनच म्हणाला, "चल आये, ऊन चढलंय," आणि दावं सोडायला वाकला.

चांदीनं मान वळवली. त्याचा हात हुंगला, मग कोपर, मग खांदा. लांब जीभ काढून ती त्याचं सोललेलं कातडं चाटू लागली, रेडकाला चाटावं तशी हळू. आणि तिच्या चारी सडांतून दुधाच्या धारा शेणात पडू लागल्या. चांदीला तुळसानं रेडकू असल्यापासून वाढवलं होतं. आटलेली असली तरी तुळसाच्या हाताला ती अशीच पान्हवायची. दुसऱ्या कुणाला नाही.

त्याच क्षणी तो वास सगुणाच्या नाकात शिरला. खोबरेल, वेखंड, चिखल. चोळी भिजली, ओघळ पोटावरून खाली गेला. रोज संध्याकाळी ताट वाढताना समोर कोण बसायचं, हे तिला तेव्हा कळलं.

आवडाबाई घरात गेली होती. सगुणा हळू बोलली.

"नाथा... तुझ्या अंगाला कसला वास?"

त्याचा चेहरा मिठासारखा पांढरा झाला. "तुला पण येतो?" तो म्हणाला.

म्हैस चाटतच होती.

"रोज मिठानं घासतो, आये. कातडं निघालं... वास जात नाय."

"आली होती ना ती?"

"परत जा म्हटलं नुसतं. बांधावर बसली... उठंना. वरडायला लागली. लोक जमले असते. लगीन..."

"कुठं?"

"तिथंच. बांधात."

तिनं लेकाच्या खांद्यावरचा टॉवेल नीट केला. "तू म्हशीला घेऊन पायी ये," ती म्हणाली. "मी गाडीनं पुढं होते. भाकऱ्या टाकून ठेवते." नाथानं मान डोलावली आणि दावं ओढलं.

ठाण्याला उतरून सगुणा घरी गेली नाही. सरळ चौकीत गेली.

हवालदार कागदावरून मान वर न करता म्हणाला, "पुन्हा तीच का बाई? आवडाबाईच ना?" मग थांबला. नाक वर करून हुंगला. तिच्या मागं बघितलं, टेबलाखाली बघितलं, उठून दाराबाहेरही बघून आला.

"तान्हं पोर कुठं ठेवलंस?" त्यानं विचारलं. "वास येतोय... धुरीचा. चिखलाचाही."

"लिहून घ्या," सगुणा म्हणाली. "आवडाबाई नाही."

त्यानं दौत ओढली. "मग कोण? पूर्ण नाव, बापाच्या नावासकट."

नवऱ्याचं नाव सगुणानं उभ्या जन्मात कुणापुढं उच्चारलं नव्हतं, तो मेल्यावरही नाही. ओल्या चोळीवर तिनं पदर ओढला आणि एकेक अक्षर सांगितलं.

"नाथा भिवा भोईर."