चौथा दोर

त्या शेडमध्ये पूर्वी कसलासा कारखाना होता. आता तिथे चाळीस फूट उंच लाकडी भिंती उभ्या केल्या होत्या आणि त्यांवर रंगीत खुंट्या ठोकल्या होत्या. खाली जाड रबरी गाद्या. हवेत खडूची पूड आणि भाड्याच्या बुटांचा वास. बूट मुद्दाम एक नंबर लहान घ्यायचे असतात, हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं.

मला चढायची हौस नव्हती, ती माझ्या नातीला होती. ती बारा वर्षांची. तिची आई, म्हणजे माझी मुलगी, परिचारिका आहे. मोडलेली हाडं रोज पाहते. तिने अट घातली होती की पोरीचा दोर घरचाच माणूस धरील. दुपारी रिकामा असा घरचा माणूस मी एकटाच. "बाबा, तुमच्या हातून चहाचा ट्रेही हिंदकळतो," ती म्हणाली. "एकदा जरी काही झालं, तर तो शेवटचा दिवस." माझ्या हातांबद्दल माझंही मत तेच होतं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, पेन्सिलीपेक्षा जड काही धरलं नाही.

पण दोर धरणं मला जमलं. चढणाऱ्याच्या कमरेपासून दोर वर जातो, भिंतीच्या माथ्यावरच्या कड्यातून वळून खाली येतो आणि आपल्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या ब्रेकमधून जातो. नात हातभर चढली की दोर हातभर सैल पडतो; तेवढा आपण ओढून घ्यायचा. ती "घ्या" म्हणाली की ताणून धरायचा, "खाली" म्हणाली की हळूहळू सोडायचा. चढणारा दिसत नसला तरी तो काय करतो आहे ते दोरातून समजतं. मला ते वाचनासारखं वाटे.

शिकवणारा किडकिडीत होता, बोलणं बेताचं. भिंतीला चिकटून सरसर चढायचा म्हणून मुलं त्याला पाल म्हणायची. तोही ओ द्यायचा.

भिंतीवर सहा दोर होते. चौथ्याच्या वाटेवर, अठ्ठावीस फुटांवर, भिंत छपरासारखी पुढे आलेली होती. तिच्यावर गेलेला माणूस खालून दिसत नसे. त्या दोराखाली वाळूची गोणी होती. चढणारा वजनदार आणि धरणारा हलका असेल तर ही गोणी धरणाऱ्याच्या पट्ट्याला बांधतात, म्हणजे तो उचलला जात नाही. पालीने ती मला बांधली. माझं म्हातारपण पाहून बांधली असेल, असं मला वाटलं आणि मी ओशाळलो. मग पाहिलं, शेजारचा दांडगा खाटीक आपल्या बायकोचा दोर धरायला तिथे आला, तर त्यालाही बांधली. मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि ही उपमा सुचल्याचं मला जरा हसूही आलं.

तिसऱ्या आठवड्यात नात छपराच्या वर गेली. तिचं "घ्या" आलं, मी ताणलं, ती दोरावर बसली. आणि गोणी माझ्यासकट वीतभर पुढे घसरली.

काउंटरमागे वजनकाटा होता. नात भरली एकेचाळीस किलो, मी त्रेसष्ट. गोणी चाळिसाची. हिशेब कुठूनही जुळेना. मी पालीला विचारलं की पोर वर गेल्यावर एवढी जड कशी होते. त्याने बुटांच्या नाड्या सोडवत उत्तर दिलं.

"गोणी काढू नका, आजोबा. एवढंच."

"पण तिचं वजन..."

"तिच्या वजनासाठी नाही बांधत मी."

मी स्वतःवरच संशय घेतला. या वयात तेच सोपं असतं. नंतर त्याच्यावर घेतला. वर एखादी मोटर असेल, नवख्यांची गंमत चालली असेल. मग एका दुपारी तो दोर मीच चढलो, खालून त्याने धरला. कसाबसा छपरापर्यंत पोचलो, एक हात कडेवरून पलीकडे टाकला आणि वरची खुंटी चाचपली. ती गरम होती. नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखी.

"तेवढं पुरे," खालून पाल म्हणाला. "या आता."

नातीला विचारलं, वर कसं वाटतं. तिथेच सगळ्यात छान वाटतं म्हणाली, तिथे भीती वाटत नाही. खरं तर तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मुलीला काय सांगणार? दोर जड लागतो? ती म्हणाली असती, बाबा, तुमचे हात थकले, आणि पोरीचं चढणं त्याच दिवशी संपलं असतं. शंका आली की छापलेला मजकूर मूळ प्रतीशी ताडून पाहायचा, एवढं एकच मला आयुष्यात येतं. म्हणून मी ताडून पाहायचं ठरवलं. पुढच्या मंगळवारी, पाल पलीकडच्या भिंतीशी नव्या मुलांना गाठ शिकवत असताना, मी गोणीचा हूक पट्ट्यात अडकवलाच नाही.

नात चढली. छपराआड गेली. "घ्या," तिने हाक दिली.

माझे पाय जमिनीवरून सुटले.

वीतभरच. मी दोन्ही हातांनी दोर आवळून लोंबकळत राहिलो. वरून तिचं हसू ऐकू आलं. "खाली," ती म्हणाली. मी इंच इंच सोडू लागलो. ती छपराखाली आली आणि माझ्या टाचा टेकल्या. पुढचा दोर हलका होता, एकेचाळीस किलोंचा.

ती गादीवर उतरली. तिने स्वतःच गाठ सोडली. मी सुटकेचा श्वास घेतला.

दोराचं मोकळं टोक तिच्या हातातून निसटलं आणि वर जाऊ लागलं.

हातभर वर. मग थांबलं. पुन्हा हातभर.

माझ्या बाजूचा दोर सैल पडला. सांगायला लाज वाटते, पण माझ्या हातांनी तो ओढून घेतला. सवयीने. पुन्हा सैल पडला, पुन्हा घेतला.

टोक छपराच्या कडेशी जरा थबकलं आणि पलीकडे दिसेनासं झालं.

मग भार आला. माझे पाय सुटले, या वेळी गुडघाभर.

पलीकडे पाल मुलांना दाराबाहेर ढकलत होता. आमच्याकडे त्याने पाहिलं नाही.

नात बरोबर त्या दोराखाली उभी होती. माझ्या हातून सुटलं असतं तर जे वर होतं ते तिच्यावर आलं असतं. मी म्हणालो, इकडे ये, माझ्या मागे ये. ती हलली नाही. मान वर करून ऐकत होती. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "त्याचं चढून झालं म्हणतंय. खाली घ्या."

आणि उंचावरून तान्हं मूल उतरवून घ्यायला धरतात तसे तिने दोन्ही हात वर केले.