चौथा प्रश्न

अकोल्यात जठारपेठेत माझी भाड्याची खोली आहे. एक कॉट, एक कूलर, आणि कॉटखाली अभ्यासासाठी घेतलेले जुने राउटर. राउटर म्हणजे माहिती कुठल्या वाटेनं जावी ते ठरवणारा डबा. सुरू केले की त्यांचे पंखे घरघरतात. दवाखान्यातून परत आल्यावर मला ती घरघर बरी वाटते. घरात कुणीतरी आहे असं वाटतं.

मी एका खाजगी दवाखान्याचं नेटवर्क सांभाळते. केसपेपरची खिडकी, एक्स-रे, औषधांचं दुकान, सगळं एकमेकांशी जोडलेलं राहील हे बघणं माझं काम. काम येतं, पण त्याचा कागद माझ्याकडे नव्हता. आमचे कुलदीप सर एक दिवस म्हणाले, "पौर्णिमा, तुह्या कामाले नाव ठेवायले जागा नाई. पण नव्या कंत्राटात सर्टिफिकेटवाला माणूस पाहिजे म्हणून लिहिलं आहे. तू ते काढून घे, नाईतर माह्या हातात काही राहात नाई."

ती परीक्षा लेखी नसते. संगणकासमोर बसवतात, पडद्यावर एका मोठ्या कंपनीचं बिघडलेलं नेटवर्क देतात आणि म्हणतात, दुरुस्त करा. सकाळी सुरू होते ती दुपार कलेपर्यंत. तपासतं ते यंत्र. निकालात पास किंवा नापास एवढा एकच शब्द, आणि प्रत्येक प्रश्नापुढे बरोबर किंवा चूक. काय चुकलं ते कुणी सांगत नाही.

मी दोनदा नापास झाले होते, आणि दोन्ही वेळा चौथ्या प्रश्नात. प्रश्न साधा होता. आकृतीत दाखवलेल्या वाटांखेरीज दुसरी कोणतीही वाट नेटवर्कात राहू देऊ नये. मी घरी येऊन तसंच नेटवर्क कॉटखालच्या डब्यांवर उभं केलं. माझं उत्तर बरोबर होतं. मी परीक्षा घेणाऱ्यांना लिहिलं, की सगळं करून पाहिलं, बरोबरच येतं, मग चूक का म्हणता? उत्तर आलं की गुण यंत्राने दिले आहेत आणि ते अंतिम आहेत. पुन्हा लिहिलं. तेच उत्तर आलं, खालची सही तेवढी वेगळी.

तिसरी संधी शेवटची होती. केंद्र पुन्हा अमरावतीचंच. जागा राखून ठेवताना एक गोष्ट खटकली. मे महिन्याची कुठलीही तारीख उघडली, तरी केंद्रातली एक जागा आधीच भरलेली दिसत होती. बाकी सगळ्या रिकाम्या. माझ्यासारखंच कुणीतरी असेल, असं मी मनाशी म्हटलं. सोबत होईल.

पहाटेच्या एसटीनं निघाले. मूर्तिजापूरला उजाडलं. बडनेऱ्यापर्यंत खिडकीतून येणारा वारा गरम झाला होता. केंद्र राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली कूलरच्या ताट्या विकणारं दुकान, त्यामुळे जिन्यात ओल्या वाळ्याचा वास. वर एक लांब खोली, टेबलांची रांग, आणि दारात लाकडी खुर्ची टाकून बसलेले महादेवराव. वयस्कर, पांढरा शर्ट, मांडीवर पेपर. मागच्या दोन्ही खेपांना तेच होते.

"बाकीचे यायचे आहेत का?" मी विचारलं.

"आज तुमी एकट्याच, ताई."

"पण एक जागा भरलेली दिसत होती."

"ते तसंच दिसते," असं म्हणून त्यांनी माझं ओळखपत्र पाहिलं आणि पुन्हा पेपर उघडला.

मी पहिल्या रांगेत बसले. मागची टेबलं रिकामी होती, संगणकांवर प्लॅस्टिकची आवरणं होती. कूलर एका सुरात चालू होता. पहिले तीन प्रश्न सरळ सुटले. बोटं आपोआप चालत होती. बाहेर गल्ली हळूहळू गप्प होत गेली. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढल्याचा आवाज आला. वऱ्हाडात मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही.

चौथा प्रश्न मी मागच्यासारखाच सोडवला. मग, कधी नव्हे ते, थांबले. राउटर आपल्या शेजाऱ्यांना थोड्या थोड्या वेळानं कळवत असतात, की मी इथं आहे. शेजारी कोण कोण आहेत याची यादी मागवता येते. मी मागवली.

आकृतीत होते त्याहून एक शेजारी जास्त होता.

त्याला नाव नव्हतं. कारखान्यातून येतानाचं, सगळ्यांचं असतं तेच कोरं नाव. कुणी त्याला नाव दिलंच नव्हतं. त्याच्यातून एक जादा वाट जात होती. मी ती बंद केली. यादी पुन्हा मागवली. वाट उघडी होती. पुन्हा बंद केली, पुन्हा उघडी झाली.

माझ्या नापास होण्याचं कारण मला सापडलं होतं, आणि पहिल्यांदा वाटला तो आनंदच. मग त्या डब्याची बाकीची माहिती काढली. परीक्षेतली उपकरणं रोज सकाळी नव्यानं सुरू करतात. बाकीची सगळी त्या सकाळपासून चालू होती. हे कित्येक वर्षं एकदाही बंद झालेलं नव्हतं. त्याच्यावर कुणीतरी काम करत होतं. दुरून नाही, तसं तिथंच नोंदलेलं होतं. प्रत्यक्ष त्याच्यासमोर बसून.

मी हात वर केला. महादेवराव आले.

"यात एक डबा जास्तीचा आहे. हा परीक्षेचा भाग आहे का?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. मागच्या टेबलांकडे पाहिलं. "मले त्यातलं काई सांगता येत नाई, ताई. तुमाले जे दिसते ते सोडवा."

ते खुर्चीकडे परत गेले. मी पडद्याकडे वळले तेव्हा खाली एक ओळ आलेली होती. एका उपकरणावर काम करणाऱ्यानं दुसऱ्याला निरोप पाठवायची सोय असते. सहसा कुणी वापरत नाही. अक्षरं इंग्रजी, भाषा आमची.

ते बंद नोका करू.

मी लिहिलं, कोण?

देवमन. पेपर देऊन राह्यलो.

कुठल्या केंद्रावर?

इथंच.

इथं आज मी एकटीच आहे.

मलेबी तसंच वाटते.

मी मागे वळून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं, पण मान वळली नाही. माझं डोकं कारणं शोधत होतं. दोन केंद्रांच्या तारा चुकून जुळल्या असतील. दुसऱ्या गावी कुणी बिचारा हाच पेपर सोडवत असेल. मी बंद केलेलं तो उघडत असेल, त्यानं उघडलेलं मी बंद करत असेन, आणि दोघांनाही यंत्र चूक ठरवत असेल.

मी विचारलं, कधीपासून बसला आहात?

वेळ झाला असं कोणी म्हणलंच नाई.

मग त्यानंच विचारलं. चौथा सुटला का तुमाले?

नाही.

मलेबी नाई. सगळं करून पाह्यलं. बरोबरच येते. मंग चूक कावून म्हणते?

मी तो शब्द न् शब्द ओळखला. मीच लिहिला होता, शुद्ध मराठीत नाही की वऱ्हाडीत नाही, इंग्रजीत, दोनदा, कारण न सांगणाऱ्या माणसांना.

त्या डब्याकडे येणारी तार माझ्या बाजूनं तोडता येत होती. एकच आज्ञा. मग तो काही उघडू शकला नसता. मी ती टाइप केली. एंटर दाबायचा राहिला होता. नोकरी त्या एका बटणावर होती, कुलदीप सरांना द्यायचं उत्तर होतं, आणि चांदूर बाजारला झेंडूच्या वावरात वाकलेली माझी आई होती, जी दर फोनला विचारायची, "अजून किती परीक्षा आहेत वं, पुर्णे?"

पण तो जो कुणी होता, तो माझ्यासारखाच बसला होता. त्याला न सांगता तोडलं असतं तर त्यालाही कधीच कळलं नसतं, काय चुकलं ते.

मी टाइप केलेलं पुसलं. लिहिलं, वेळ झाला, दादा. उठा आता.

कूलर चालू होता.

मंग निकाल?

निकाल मला कुठून माहीत असणार.

पास, मी लिहिलं.

खरं सांगा.

खरं.

माझ्या मागे फरशीवर खुर्ची सरकली. हलकेच, दुसऱ्याला त्रास होऊ नये अशी.

दारात महादेवरावांनी पेपरातून डोकं वर न करता आपली खुर्ची थोडी बाजूला घेतली. कुणाला जायला वाट द्यावी तशी. मग पुन्हा जागेवर आणली.

मी यादी मागवली. शेजारी आकृतीत होते तेवढेच. जादा वाट नाही. मी तीनतीनदा तपासलं. चौथा प्रश्न सुटला होता.

निघताना मी महादेवरावांना विचारलं, "मघाशी कोण गेलं?"

"कुठं कोण गेलं?"

"तुम्ही खुर्ची सरकवली."

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग जिन्याकडे. "ऊन येऊन राह्यलं होतं अंगावर," ते म्हणाले. त्या दाराला ऊन येत नाही.

परतीच्या एसटीत, मूर्तिजापूरच्या अलीकडे, मोबाइलवर निकाल आला. पहिला बरोबर, दुसरा, तिसरा, चौथा, सगळे बरोबर. आणि खाली एकच शब्द, नापास.

मी कुणालाही लिहिलं नाही. काय लिहिणार होते? पास हा शब्द मी आधीच देऊन टाकला होता. दुसऱ्या दिवशी कुलदीप सरांना सांगितलं. त्यांनी चहा मागवला. महिनाअखेर नव्या कंपनीचा माणूस येईल, त्याला सगळं समजावून दे, एवढंच जाताना म्हणाले. त्या संध्याकाळी मी कॉटखालचे डबे सुरू केले नाहीत.

रविवारी आईचा फोन आला. मी अजून तिला काही कळवलं नव्हतं.

"पुर्णे, पेढे भेटले वं."

"कसले पेढे?"

"तो माणूस नाई का आला होता, तुह्या परीक्षेतला. पास झालो म्हणे. ताईनं निकाल सांगितला म्हणे, तिच्या घरी पयले पेढे देतो."

मी त्याला माझं नाव सांगितलं नव्हतं. गाव तर नाहीच.

"कधी आला होता?"

"परवा, भर दुपारी. इतक्या उन्हात पायी. पेढे मात्र दगडासारखे निंघाले, दातच लागे ना. कोणत्या जमान्यातले घेतले काय माहीत. गायीपुढं टाकले, तिनंबी हुंगून सोडून देले."

"अजून काही बोलला?"

"काई नाई, चांगला होता बिचारा. मी पाणी देलं. म्हटलं, बस बापा घडीभर सावलीत." आई थोडं हसली. "तर म्हणे, नोको माय, लय बसलो."