पूर्वमत

चहा गाळून कपात ओतेपर्यंत कुमुदताई कोरगावकरांचे मत नोंदले गेलेही होते. राजधानीतील खासदार-निवासाच्या त्या लहानशा स्वयंपाकघरात, भिंतीवरच्या काचपटलावर एक हिरवा ठिपका उजळला आणि त्याखाली अक्षरे उमटली : ‘खाडीपट्टा विधेयक. आपले पूर्वमत : होय.’ विधेयक मतास यायचे होते दुपारी.

ताईंनी चहा गाळलेल्या ओल्या फडक्याने तो ठिपका पुसून पाहिला. चहाची पत्ती तेवढी काचेला चिकटली. ठिपका होता तसाच राहिला.

पूर्वमताचा जन्म सद्हेतूने झाला होता, हे मान्य केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी सदस्यांच्या बोटांचे कृत्रिम ठसे बनवून कोणी परक्यांनीच मते टाकल्याचे उघडकीस आले. तेव्हा शास्त्रज्ञांनी तोड काढली. बोट खोटे करता येते, स्वभाव खोटा करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. नव्या प्रणालीने प्रत्येक सदस्याची आजवरची मते, भाषणे आणि प्रश्न वाचून त्याच्या स्वभावाची एक प्रतिकृती घडवली. दाबलेले बटण त्या प्रतिकृतीशी फारच विसंगत ठरले, तर ते परक्या हाताचे कृत्य समजून बाजूला पडे आणि त्या जागी पूर्वमत मोजले जाई. स्वभावाला औषध नाही, असे आपले पूर्वज म्हणत; या प्रणालीने ती म्हण तारांच्या जाळ्यात बसवली, एवढेच.

आता गंमत अशी, की ज्याचा स्वभाव यंत्राला अजून उमगला नव्हता, तो नवखा सदस्य हवे ते बटण दाबू शके. ताईंनी मात्र आपल्या प्रदीर्घ कारकिर्दीत पक्षाविरुद्ध एकही मत दिले नव्हते. त्याबद्दल भर सभागृहात शाल-श्रीफळ देऊन त्यांचा गौरव झाला होता. यंत्राला साऱ्या सभागृहात सर्वांत पक्की ओळख होती ती त्यांचीच.

मागच्याच आठवड्यात त्या मतदारसंघात गेल्या होत्या. खाडीचे सारे पात्र एका कंपनीला समुद्रशेवाळाच्या शेतीसाठी बहाल करणारे हे विधेयक. ते संमत झाले, की ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, वेचणाऱ्या बायकांना काठावरूनच परत फिरावे लागणार होते. रुक्मिण केळुसकर गुडघाभर चिखलात उभी राहून म्हणाली होती, “ताईनू, खाडी जातली म्हणतत. मगे आमी खय जावचा?”

“बोलते मी दिल्लीत,” ताई म्हणाल्या.

“तुमी बोलतास खूप. पण बटान तुमी दाबतास, की बटान तुमका दाबता?”

साऱ्या बायका हसल्या. ताईही हसल्या होत्या. पण ते हसू दिल्लीपर्यंत त्यांच्या पाठोपाठ आले.

दारावरची घंटा वाजली. वीरसेन मोहोळकर आत आले. ते ताईंच्या सत्ताधारी पक्षाचे प्रतोद. प्रतोद म्हणजे मुळात बैल हाकण्याची पराणी. सदस्यांना एका दिशेने चालवणाऱ्या पदाधिकाऱ्याला हे नाव ज्याने कोणी दिले असेल, तो मोठा स्पष्टवक्ता असला पाहिजे. वीरसेनांना मात्र ताईंविषयी खरा जिव्हाळा होता. राजकारणातली त्यांची पहिली सभा ताईंनीच भरवली होती.

“ताई, चेहरा का उतरलाय?”

“आज मी ‘नाही’ म्हणणार आहे, वीरसेन.”

त्यांनी शांतपणे चहाचा कप ओढला. “म्हणा की! माझ्यापुढे म्हणा, आरशापुढे म्हणा. सभागृहात लाल बटण दाबलंत तरी दिवा हिरवाच लागणार. यंत्र म्हणेल, हे बोट ताईंचं नव्हेच. तुमचीच पुण्याई आड येतेय, त्याला मी काय करू?”

“आणि मी उभी राहून सांगितलं तर?”

“तर पक्षादेश मोडला, असं मला लिहून द्यावं लागेल. उमेदवारी तर गेलीच, सदस्यत्वही जाईल.” त्यांनी आवाज खाली आणला. “त्यापेक्षा गप्प राहा. खाडीवर जाऊन सांगा, ‘मी लालच दाबलं होतं गं बायांनो, यंत्रानं ऐकलं नाही.’ ते खोटंही ठरणार नाही. पक्ष खूश, खाडी खूश.”

सुटकेचा इतका गुळगुळीत मार्ग ताईंना आजवर कोणी दाखवला नव्हता. त्यांचे मन त्यावरून घसरलेही असते. पण चिखलातले ते हसू पुन्हा कानी आले.

“वीरसेन, चहा संपव आणि कप धुऊन ठेव,” त्या उठत म्हणाल्या. “तेवढं तरी अजून माणसालाच करावं लागतं.”

दुपारी मतविभाजनाची घंटा घणघणली. सभागृहाचे दरवाजे बंद झाले. ताईंनी लाल बटणावर बोट ठेवले आणि नख पांढरे पडेपर्यंत दाबून धरले. समोरच्या फलकावर नावे उजळू लागली. त्यांच्या नावापुढे हिरवा दिवा लागला.

अध्यक्ष निकाल वाचण्यासाठी उभे राहिले, आणि त्याच वेळी ताईही उभ्या राहिल्या.

“अध्यक्ष महोदय, माझं मत ‘नाही’ आहे.”

अध्यक्षांनी मेजावरच्या पटलाकडे पाहिले. “सन्माननीय सदस्या, आपल्या नावे आलेलं लाल मत विसंगत ठरलं आहे. ओळख पटत नाही.”

“ओळख पटत नाही? इतकी वर्षं याच बाकावर बसले, आपल्याला माझ्या मुलीच्या लग्नाच्या अक्षता दिल्या, आणि ओळख पटत नाही?” सभागृहात हशा उसळला; तो विरेपर्यंत त्या थांबल्या. “माझं काल काय मत होतं, ते यंत्राला ठाऊक आहे. आज काय आहे, ते मलाच ठाऊक असणार. खाडीवरच्या बायकांनी मला निवडून दिलं आहे, माझ्या प्रतिकृतीला नाही.”

“खाली बसा, ताई!” मागून वीरसेनांचा दबका आवाज आला. त्यात धाक कमी आणि काकुळती अधिक होती.

“मी या निकालाला आव्हान देते,” ताई म्हणाल्या. “जुन्या नियमाप्रमाणे दालनांत मतदान घ्या. ‘होय’वाले उजव्या दालनात, ‘नाही’वाले डाव्या. ज्यानं त्यानं आपल्या पायांनी जायचं. माझ्या पहिल्या अधिवेशनात तेव्हाचं साधं यंत्र बंद पडलं होतं, तेव्हा आपणही असेच चालत गेला होता, महोदय.”

तो नियम कोणी रद्द केलेला नव्हता. रद्द करण्याइतकी त्याची आठवणच कोणाला राहिली नव्हती. अध्यक्षांनी नियमपुस्तिका मागवली, चाळली, मिटली.

“दालनांत मतदान घेतलं जाईल,” ते अखेर म्हणाले.

ताई बाकांमधून बाहेर आल्या आणि डावीकडे वळल्या. गालिचा लांबच लांब पसरला होता. वाटेत वीरसेन उभे होते, हाती कोरा कागद घेऊन.

“लिही,” ताई म्हणाल्या. “नाव नीट लिही. आता ते माझं आहे.”

डाव्या दारापाशी त्या पोचल्या, तोच मागे कोणाच्या तरी काठीचा आवाज झाला. मित्रपक्षाचे नरसिंगराव देशमाने येत होते. सभागृहात डुलक्या घेण्याबद्दल ज्यांची नित्य थट्टा होई तेच.

“जरा हळू चाला, कुमुदताई. माझे गुडघे अजून सरकारपक्षातच आहेत.” ते धापा टाकत जवळ आले. “माझंही बटण लालच होतं.”

“आज?”

“आज. मागच्या अधिवेशनातही, दोनदा. दिवा हिरवा दिसला, की वाटे, म्हातारपणी बोट चुकलं असेल.” त्यांनी नजर खाली वळवली. “आणि खरं सांगू? हिरवा दिसला, की बरंही वाटे.”

ताईंनी त्यांचा हात धरला. दोघे उंबऱ्यात थांबले, कारण मागून आणखी पावले ऐकू येत होती. ती एका बाकावरून येत नव्हती आणि एका पक्षाचीही नव्हती. कोणी घाईने येत होते, कोणी चोरट्या चालीने, आणि उजव्या दाराच्या वाटेवर निघालेले कोणी मध्येच थबकत होते. फलकावर मात्र त्या साऱ्यांच्या नावांपुढे हिरवे दिवे स्थिर तेवत होते.

आज खाडी वाचेल की नाही, हे त्या पावलांची मोजणी झाल्यावर कळणार होते. पण त्या दिव्यांकडे पाहता पाहता ताईंच्या मनात दुसराच प्रश्न उभा राहिला : इतकी वर्षे याच फलकाखाली संमत झालेले ते सारे कायदे मग नेमके कोणी केले होते?