विचारून वळणारी टिटवी

शाळांच्या विमान-झुंजीत टिटवी पहिला डाव हरली. दुसऱ्या शाळेच्या ‘गरुड’ नावाच्या विमानाने मागून येऊन तिच्या शेपटीची फीत कापून नेली. टिटवी हे इरावतीच्या शाळेचं जुनं, बोलणारं छोटं विमान. वेग कमी, पण वळायला पटाईत. मग ती वेळेवर का वळली नाही, हे कोडं तिला उडवणाऱ्या इरावतीला सुटेना. उरलेले दोन्ही डाव जिंकले नाहीत, तर शाळा नवं विमान घेणार होती आणि टिटवीची स्मृती पुसली जाणार होती. रोज जिच्याशी गप्पा मारल्या, तिला मग इरावतीचं नावही आठवणार नव्हतं.

लढाऊ विमानं उडवून निवृत्त झालेली वसुधाआत्या शेजारी शेंगा सोलत बसली होती. वेग वेगळा आणि चपळता (दिशा झटपट बदलण्याची क्षमता) वेगळी, असं तिने सांगितलं. भरधाव विमानाला वळायला मोठं वर्तुळ लागतं, सावकाश विमानाला लहान पुरतं. म्हणजे टिटवीची बाजू मुळीच लंगडी नव्हती.

“हवेतल्या लढाईत बघायचं, समजून घ्यायचं, ठरवायचं, करायचं आणि पुन्हा बघायचं,” आत्या म्हणाली. “ज्याची ही फेरी लवकर पूर्ण होते, त्याच्यामागे दुसऱ्याची फरफट होते. तुमची फेरी कुठे अडते?”

इरावतीने डावाचं ध्वनिमुद्रण ऐकलं. टिटवी प्रत्येक वळणाआधी “वळू का?” असं विचारत होती आणि ‘हो’ ऐकेपर्यंत सरळच जात होती. मागच्या उन्हाळ्यात ती देवस्थळीकाकूंच्या गच्चीवरच्या कुरडयांत घुसली होती, तेव्हा हा नियम इरावतीनेच घातला होता. आता तोच नडला होता.

तिने टिटवीला जवळ घेतलं. “मैदान सोडायचं नाही, एवढंच लक्षात ठेव. बाकी तुझं तू वळ.”

“चुकले तर?” टिटवीने विचारलं.

“तर लगेच दुसरीकडे वळ.”

दुसऱ्या डावात गरुड झेपावला. टिटवी डावीकडे वळली. तो वळेस्तोवर उजवीकडे, मग खाली. गरुड पोहोचायचा तिथे ती नसायचीच. त्याचं मोठं वर्तुळ पूर्ण होण्याआधी ती त्याच्यामागे आली आणि त्याची फीत तुटली. तिसऱ्या डावात गरुडाचा चालक इतका गोंधळला, की तो डाव आणखी लवकर संपला.

इरावतीने टिटवीला उचलून घेतलं. वार्षिक परीक्षा संपल्यावरही तिला इतकं हायसं वाटलं नव्हतं. आत्याने शेंगा पुढे केल्या. उद्या अशी विमानं वादळात सापडलेल्या होड्यांना औषधं पोहोचवतील आणि तिथे विचारत बसायला वेळ नसेल, असं ती म्हणाली.

घराजवळ येताच वर उडणारी टिटवी हळू झाली.

“काकूंच्या कुरडया वाळताहेत,” ती म्हणाली. “इथे विचारायचं ना?”

“इथे विचार,” इरावती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. टिटवीला सगळं आठवत होतं.