तळ्यातले किडे गेले कुठे?

“कुसुम, चल लवकर! जमिला रडतेय!” शेजारचा सयाजी धापा टाकत ओसरीवर आला.

चिंचवडजवळच्या त्या वाडीत छप्पन सालची मे महिन्याची सुट्टी सुतकासारखीच चालली होती. तळ्यात मासे मरून तरंगत होते, आणि पाटील उद्धवरावांनी खापर फोडलं जमिलाच्या अब्बांवर! बरकतभाई रंगारी, तळ्यावर कापड रंगवणार, मग दोष दुसऱ्या कुणाचा? आज दिवस मावळायच्या आत त्यांनी गाव सोडायचं होतं. जिवाभावाची मैत्रीण कायमची जाणार, म्हणून कुसुमला घास गिळवत नव्हता.

तेवढ्यात तिची आई, सुभद्राबाई, हंड्यावरचं गाळायचं फडकं झटकत म्हणाली, “काही म्हणा, पाणी मात्र स्वच्छ झालंय हं! फडक्यावर एक किडा नाही.”

“अगं आई!” कुसुम ओरडलीच. “उन्हाळ्यात तर फडकं नुसतं वळवळतं! किडे गेले कुठे?”

“माशांनी खाल्ले!” सयाजी म्हणाला.

“मासे मेलेत, शहाण्या!”

फडकं आणि लोणच्याची रिकामी बरणी घेऊन ती दोघं निघाली. वाटेत जमिलालाही घेतलं. रंगाऱ्याच्या घाटावर पाणी विटकरी. पण गाळलं तर फडक्यावर मोहरीहून बारीक किडे टुणटुण उडत होते! कुसुमनं ते बरणीत भरून घेतले. पुढे वडाखाली थोडेच. आणि पलीकडे, नव्या कारखान्याच्या भिंतीपाशी, पाणी नितळ अन् फडकं कोरं!

“आई इथूनच हंडा भरते...” कुसुम पुटपुटली.

बाभळीआड एक नळ तळ्यात गळत होता. पाण्याचा वास नाकाला झोंबला. बरणीतल्या जिवंत किड्यांवर सयाजीनं ते पाणी ओतलं. किडे तडफडले नि तळाशी बसले.

चावडीवर पाटलांसमोर मुलांनी दुसऱ्या किड्यांवर तेच करून दाखवलं. उद्धवरावांनी तडक कारखान्याच्या मुकादमाला बोलावून घेतलं.

“लोखंड धुतलेलं तेजाबाचं... ॲसिडचं पाणी आहे,” मुकादम चाचरला. “त्याच्यासाठी खड्डा खणायचा राहिला. म्हटलं, रंग नाही, कुणाला दिसतंय!”

“आजच्या आज बंद कर त्यो नळ! आन् बायांनो, हंड्यातलं पानी वतून टाका!” पाटील गरजले. मग मुलांकडे वळले. “शाबास, पोरांनो! आमी मोठी मानसं, पर डोळं असून आंधळी!”

ते जमिलाची पाठ थोपटायला गेले. ती मागे सरकली.

“शाबासकी नको, पाटीलकाका. अब्बांना ‘चुकलो’ म्हणा.”

उद्धवराव तसेच रंगाऱ्याच्या दारी गेले. गाडीत सामान भरलेलं होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं रंगाची कढई खाली उतरवली.

“चुकलो, बरकतभाई.”

बरकतभाईंनी कढईचा दुसरा कान धरला, आत न्यायला.