जादा रेकॉर्ड

शेवंताबाईंनी कपाळावर हात मारला. खाटेखाली रेकॉर्डी, माळ्यावर रेकॉर्डी, ज्वारीच्या कोठीतसुद्धा रेकॉर्डी! नवरा सुकदेव जन्मभर लग्नांत स्पीकर लावत फिरला. गाणी वाजवायची, मधेमधे माइकवर आहेर पुकारायचे. मग कॅसेटी आल्या, आणि हजारभर रेकॉर्डी घरात येऊन बसल्या त्या बसल्याच. एक विकेल तर शपथ!

रविवारी पाचोऱ्याहून लेकीला, नंदाला बघायला पाहुणे येणार होते. आधीची दोन स्थळं हा पसारा बघून गेली, ती गेलीच. हे तिसरं काही झालं तरी हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

म्हणून शेवंताबाईंनी तोताराम सुताराला पिंप्राळ्यातल्या घरी बोलावलं आणि बैठकीत भिंतभर कपाट करून घेतलं. उन्हाची भिंत सोडली. जळगावच्या एप्रिलात रेकॉर्डी पापडासारख्या वाकतात. बारा खण, सरकत्या काचा, आत सगळ्या रेकॉर्डी उभ्या. चांगली रंगीत कव्हरं मधल्या खणांत, समोर तोंड करून. ओढताना कव्हर फाटू नये म्हणून प्रत्येक खणात बोटभर जागा मोकळी; शेवटच्यात मात्र उरलेल्या सगळ्या घट्ट बसवल्या. शेजारच्या लताबाई दोनदा येऊन बघून गेल्या.

बुधवारी सकाळी शेवटच्या खणाची काच सरकेना.

शेवंताबाईंनी खण रिकामा केला. नव्वद मोजून लावल्या होत्या, निघाल्या एक्क्याण्णव. जादाची रेकॉर्ड साध्या खाकी कव्हरात होती, वर नाव नाही, गाव नाही.

"आणली ना आणखी एक? हाई बठ्ठं तुम्हनंच काम शे!" शेवंताबाईंनी सगळं नवऱ्याच्या माथी मारलं.

"आईची आण, मी नाही आणली," सुकदेव म्हणाला. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली. "मधला कागदही कोरा शे हिचा."

शेवंताबाईंनी ती माळ्यावरच्या ट्रंकेत टाकली आणि कुलूप लावलं. गुरुवारी काच पुन्हा अडली. खणात एक्क्याण्णव. ट्रंकेचं कुलूप जागच्या जागी, आत फक्त गोधड्या.

शुक्रवारी त्यांनी ती लताबाईंकडे नेऊन ठेवली. शनिवारी ती परत खणात! लताबाई म्हणाल्या, "अहो, मी तर हातही लावला नाही तिला."

"फोडून टाक एकदाची," सुकदेव म्हणाला.

"उद्या पोरीचं स्थळ येतंय, आणि आज घरात फोडाफोडी करू? काही कळतं का तुम्हाला?" शेवंताबाई कडाडल्या. शेवटी त्यांनी जोर लावून ती खणात कोंबली. तिची कड बाहेरच राहिली.

रविवारी दुपारी पाहुणे आले. मुलाचे वडील हिलाल नाना पोहे खाता खाता कपाटाकडेच बघत होते. "वा, अक्का! दुकानातसुद्धा अशी मांडणी नसते. एखादी ऐकवा की!" म्हणत ते उठले. जी बाहेर आली होती, तीच त्यांच्या हाती लागली.

शेवंताबाई नको म्हणायच्या आत त्यांनी ती शेजारच्या रेकॉर्ड प्लेअरवर लावलीसुद्धा.

पिन खरखरली. मग आवाज आला.

"हॅलो, हॅलो. मंडळी, शांतता राखा. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी नंदा हिच्या लग्नाचे आहेर पुकारतो."

आवाज सुकदेवचा होता.

नाना पोट धरून हसले. "सुकदेवभाऊ, कमाल केली! आमचा होकार यायच्या आधी तुम्ही लग्न लावून मोकळे? आता नाही कोण म्हणणार? फोडा सुपारी!"

बैठकीत एकच गलका झाला. नंदा दाराआड लाजली. तिचा तो चेहरा पाहून शेवंताबाईंचे डोळे भरून आले. जमलं एकदाचं! सुकदेव मात्र पांढरा पडला होता. रेकॉर्ड काय घरी छापता येते? आणि त्याने तर आजवर एकही भरली नव्हती.

गलक्यात रेकॉर्डकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शेवंताबाई ती बंद करायला वाकल्या.

"मुलीचे मामा उखर्डू यांच्याकडून, पितळी हंडा."

त्यांचा हात वरच राहिला.

"कैलासवासी शेवंताबाई सुकदेव पाटील यांच्या स्मरणार्थ, पाच भांडी."

शेवंताबाईंनी पिन उचलली.

"मग अक्का," नाना विचारत होते, "तारीख कधीची धरायची? आखाजीच्या सणानंतरची चालेल?"

"उद्या," शेवंताबाई म्हणाल्या. "उद्याच लावता येईल का, नाना?"

सगळी बैठक हसली. सुकदेवही कसाबसा हसला आणि खोकला. परवापासून त्याचा घसा बसला होता. रेकॉर्डमधला आवाजही तसाच बसलेला होता.