साडेपाच तासांची चूक

"राजी, हे बघ! काँप्युटरात पावणेपाच, अन् भिंतीवर सव्वादहा!" आदर्श ओरडला.

"हळू बोल रं!" राणी कुजबुजली. "आप्पा आधीच लई तापल्यात."

सुट्टी लागल्यापासून ही तिघं चुलतभावंडं वडगावच्या कारखान्यातच असायची. कारखाना राजेश्वरीच्या वडिलांचा, म्हणजे आप्पांचा. आज तिथले माग बंद होते. नव्या साडीच्या काठाचं डिझाइन उघडलं, तर फाइल कोरी! तिच्यावरची वेळ कालची, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांची. तेव्हा तिथं एकटे भावकूअण्णा होते, डिझाइन काढणारे. "मुद्दाम पुसलंत!" आप्पा सगळ्या विणकरांसमोर गरजले. अण्णा खाली मान घालून घरी निघून गेले.

राजेश्वरीनं बोटांवर मोजलं. बरोबर साडेपाच तास!

"मी केलं हे."

"तू फाइल पुसलीस?"

"न्हाय गं! काल आप्पा जेवायला गेलते, तवा मी गुपचूप विंडोजशेजारी लिनक्स ही दुसरी सिस्टीम घातली. आत सेलवर चालणारं घड्याळ एकच असतं. लिनक्स त्यात ग्रीनिचची वेळ ठेवतं अन् दाखवताना साडेपाच तास मिळवतं. विंडोज मात्र तीच वेळ इथली समजतं, म्हणून साडेपाच तास मागं पडतं. नेट न्हाय, मग चूक दुरुस्त कशी व्हणार?"

"म्हणजे फाइल नऊ दहाला न्हाय, दुपारी दोन चाळीसला पुसली!" राणी म्हणाली. "तवा तर अण्णा चिकोडीला गेलते. काँप्युटरवर आप्पा होते. मीच चहा नेऊन दिलता!"

"घड्याळ नीट करू अन् गप बसू," आदर्श पुटपुटला. "कुणाला कळतंय?"

राजेश्वरीला क्षणभर तसंच करावंसं वाटलं. त्या क्षणाची तिला नंतर सर्वांत जास्त लाज वाटली.

"अन् अण्णांचं काय?" असं म्हणून ती आप्पांना हात धरूनच घेऊन आली.

"आप्पा, एक अक्षर टाइप करून सेव्ह करा. आता वेळ वाचा."

"पहाटेचे पाच? काय थट्टा लावलीय!"

राजेश्वरीनं सगळं सांगून टाकलं. आप्पा ओरडतील म्हणून तिघं वाट पाहत राहिली. पण आप्पा खुर्चीत बसले ते बसलेच.

"काल कोरं पान उघडून सेव्ह केलतं मी," ते हळूच म्हणाले. "डिझाइनच्याच नावानं केलं असणार."

सगळे अण्णांच्या घरी गेले. दार राजेश्वरीनं वाजवलं.

"अण्णा, घड्याळ मी बिघडवलं. मला माफ करा."

"अन् फाइल मी पुसली," आप्पा म्हणाले. "चारचौघांत बोललो, चारचौघांतच माफी मागतो. चला."

अण्णांनी राजेश्वरीच्या डोक्यावर हात ठेवला. "खरं बोलायला येवढ्या उन्हात आलीस. शाणी हाईस पोरी!"

त्या शाबासकीनं तिची मान आणखीच खाली गेली.

अण्णांनी खुंटीवरच्या सदऱ्यातून पेनड्राइव्ह काढून आप्पांच्या हातात दिला. "डिझाइनची नक्कल हाय यात. सकाळी नुसतं विचारलं असतंस, नागेंद्र, तर तवाच दिली असती."